दार लावून बसण्याचा तास

भायखळ्याच्या आमच्या सेविका वर्गाचं वेळापत्रक मला फार आवडायचं. शास्त्रपाठ, उपदेशाची तयारी, आजाऱ्यांच्या भेटी, बालवर्ग, बाजाची पेटी. प्रत्येक विषयाला वेळ ठरलेली, प्रत्येकाला परीक्षा. फक्त शनिवारच्या शेवटच्या रकान्यात दोनच शब्द होते, ‘आत्मिक घडण’. त्याला पुस्तक नव्हतं आणि परीक्षाही नव्हती. मी पहिल्याच आठवड्यात उभी राहून विचारलं, “बाई, या विषयाची तयारी कशी करायची?”

“दार लावायचं आणि बसायचं,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“आणि?”

“आणि काही नाही. रोज एक तास.”

मोठ्या बाई म्हणजे आमच्या प्राचार्य. नगरकडच्या, लग्न न केलेल्या, पांढऱ्या सुती पातळातल्या, आणि एक शब्द पुरत असेल तिथे दोन न वापरणाऱ्या. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या मुली ख्रिस्ती मंडळीच्या सेविका होत. सेविकेचं काम घरोघरचं. आजाऱ्याजवळ बसायचं, बायकांना शास्त्र शिकवायचं, कुणाच्या घरी जन्म असो की मरण, प्रार्थना चालवायची. या कामासाठी मी म्युनिसिपल शाळेतली मास्तरकी सोडून आले होते. वडील स्वतः शाळामास्तर, त्यामुळे त्यांना ते मुळीच पटलं नव्हतं. पण मुलगी एकदा ठरवते म्हणजे ठरवते, हे त्यांना ठाऊक होतं.

माझं मन कामाचं. आजही सकाळी उठल्यावर दिवसाची यादी केल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही. तेव्हाही तसंच होतं. घडणीचा तासही मी यादी करूनच सुरू केला आणि शनिवारी वर्गात गोल करून बसल्यावर बाईंनी “आठवडाभरात काय झालं?” असं विचारलं, तेव्हा मी सगळं नीट सांगितलं. सोमवारी आत्याच्या गुडघ्यासाठी मागितलं. मंगळवारी वडिलांचा राग जावा म्हणून. बुधवारी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत धरून नेलेल्या आमच्या चाळीतल्या दोघांसाठी. गुरुवारी वर्गाच्या गळक्या कौलांसाठी.

“त्यातली कौलं झाली, बाई,” मी म्हटलं. “काल गवंडी येऊन गेला.”

मुली पदराआड हसल्या. बाई हसल्या नाहीत.

“एवढं सगळं मागून वेळ उरला असेल?”

“हो बाई. उरलेल्या वेळात तांदूळ निवडले.”

मग मात्र त्याही हसल्या. वर्ग सुटल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. “मुली, तू देवाला कामं वाटून देतेस,” त्या म्हणाल्या. “तुझं अभ्यासात ठीक आहे. भेटी ठीक. पेटी बरी. पण रिकाम्या हाताने एक तास बसणं तुला जमत नसेल, तर मी तुला मंडळीत पाठवायची नाही. ईस्टरपर्यंत बघू. नाहीतर शाळा आहेच. तिथे तुझ्यासारखी लागतेच.”

हे त्यांनी रागाने म्हटलं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. त्यांच्या शब्दावरच आमची नेमणूक व्हायची. सोडलेली नोकरी पुन्हा मिळाली असती, पण मला ती नको होती. मला परळ-लालबागच्या घरांमधून हिंडायचं होतं. तेव्हा मी ठरवलं, बसायचं.

आता अडचण आली ती दाराची.

मी आत्याकडे परळच्या चाळीत राहत होते. आत्या विधवा, जवळच्याच एका इस्पितळात नर्स. तिची दिवसपाळी असे आणि माझा वर्ग सकाळचा, त्यामुळे दुपारी खोली माझी एकटीची. कागदावर हे उत्तम होतं. पण गिरणगावातल्या चाळीत सकाळी उघडलेलं दार निजेपर्यंत लावत नाहीत. दिवसाढवळ्या दार बंद दिसलं की त्याचे ठरलेले अर्थ असतात. घरात कुणी फार आजारी आहे, किंवा मुलगी बघायला माणसं आली आहेत, किंवा घरात भांडण जुंपलं आहे आणि ते बाहेर ऐकू जाऊ द्यायचं नाही.

मी पहिल्यांदा कडी घातली आणि डोळे मिटते न मिटते तोच शेजारच्या काकीने दार ठोठावलं. काकी मालवणकडची, अंगाने आडवी, आवाजाने त्याहून आडवी. तिचा नवरा, आमचे काका, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते आणि उरलेला वेळ संयुक्त महाराष्ट्राच्या कामात असत.

“काय गो, बरां नाय काय? ताप इलो?”

“नाही काकी, बरी आहे.”

“मगे दार कित्याक लावलंस? आत्या कायतरी बोलली?”

“नाही हो.”

ती गेली. थोड्या वेळाने दार पुन्हा वाजलं. या वेळी काकी हळू आवाजात म्हणाली, “कोण बघूक येवचे आसत काय? माझी हिरवी साडी दिऊ?”

मी दार उघडलं, कारण नाहीतर ती साडी घेऊनच आली असती.

मग मी जागा शोधायला लागले. गच्चीवर गेले तर तिथे पापड वाळत होते, आणि पापडांच्या पलीकडे चाळीतले तरुण चुन्याच्या बादल्या घेऊन फलक रंगवत बसले होते. त्यांतल्या एकाने मला बघून विचारलं, “ताई, तुम्ही मास्तरीण ना? ‘झालाच पाहिजे’ एका ओळीत बसवून द्या बघू.” मी दिलं बसवून. माझं अक्षर चांगलं आहे. पण तास गेला. आमच्या उपासनेचं मंदिर आठवड्यात बंद असे. किल्ली सांभाळणाऱ्या राखणदाराने ते उघडून दिलं, आणि मी आलेच आहे तर बाकं पुसून घ्यावीत असं सुचवलं. राणीच्या बागेत बाक मिळालं, पण शेजारी बसलेल्या बाईने तिच्या सुनेची हकिगत सुरू केली, आणि मी सेविका होणार असल्यामुळे मला ती ऐकणं भाग होतं. हकिगत चांगली लांब होती आणि खरं सांगायचं तर सुनेचं काहीच चुकलेलं नव्हतं.

रात्री जेवताना मी हे सगळं आत्याला सांगितलं. आत्या भाकरी मोडत म्हणाली, “तू लपून बसतेस म्हणून लोक शोधतात. काकीला सरळ सांग ना.”

“काय सांगू?”

“जे आहे ते.”

दुसऱ्या दिवशी मी काकीच्या चुलीपाशी बसून जे आहे ते सांगितलं. माझ्या शिक्षणाचा भाग आहे. रोज एक तास दार लावून एकटीने गप्प बसायचं. ते जमलं तर मला काम मिळेल, नाहीतर नाही.

काकीने पळी खाली ठेवली. “व्रत आसा मगे! आधी नाय सांगूचा?”

मी म्हटलं, व्रत नाही. आमच्यात तसं नसतं. हे केल्याने पुण्य मिळत नाही, नवस फिटत नाही. वर्गात हे आम्हाला चांगलं पढवलेलं होतं आणि मी ते मुद्देसूद मांडलं. काकीने ते सगळं दुधावरची साय बाजूला सारावी तसं सारलं.

“उपास?”

“नाही.”

“न्हाऊन बसूचा?”

“तसं काही नाही.”

“कांदो-लसूण?”

“चालतो.”

“मगे नियम काय तो?”

“दार लावायचं आणि बोलायचं नाही.”

“इतक्याच?” काकी म्हणाली. तिचा चेहरा पडला. एवढं ढिलं व्रत तिने जन्मात ऐकलं नव्हतं, आणि शेजारची मुलगी असं काहीतरी अर्धवट करते आहे हे तिला बघवेना. म्हणून तिने नियम घालून द्यायला सुरुवात केली. बसण्याची वेळ दुपारच्या पाळीचा भोंगा झाल्यापासून नळाला पाणी येईपर्यंत. बसण्याआधी भात कमी खायचा, कारण भातावर झोप येते. बांगड्याची आमटी असेल त्या दिवशी तर फारच कमी. आणि दाराबाहेर कुणीतरी बसायचंच, नाहीतर लोक ठोठावणार. ते काम तिने स्वतःकडे घेतलं.

दोन-तीन दिवसांत सगळ्या मजल्याला माझं व्रत माहीत झालं. मुलांना खालच्या चौकात पिटाळलं जाई. कल्हईवाला जिन्याच्या पहिल्या पायरीवर ओरडला की काकी वरूनच त्याला हाताने गप करी. पाणी आलं की माझं पिंप तीच भरून ठेवी, म्हणजे मी मध्ये उठायला नको. मागच्या चाळीतल्या दोघी बायका तर मुद्दाम बंद दार बघायला आल्या. काकीने त्यांना लांबून दाखवलं.

आणि ती कडक होती. एका दुपारी परळच्या मैदानात मोठी सभा होती, एका फर्ड्या वक्त्याचं भाषण होतं, सारी चाळ निघाली होती. मीही चपला घातल्या. भाषण महाराष्ट्राचं, ऐकणं कर्तव्यच होतं. काकीने जिन्यावर अडवलं.

“खंय चललंस?”

“सभेला.”

“तुझो तास होवचो आसा.”

“काकी, आज एक दिवस…”

“मगे आजपासून मोडला. बाईंका तू सांगतलंस, की मी सांगू?”

मी परत फिरले. काकासुद्धा म्हणाले, “मी तुला रात्री सगळं सांगतो, शब्दन् शब्द.” आणि त्यांनी सांगितलंही, टाळ्यांसकट.

खोलीत मात्र मी काय करत होते? खरं सांगायचं तर कामं. हळूच कपड्यांच्या घड्या घालायची. फळीवरचे डबे उंचीप्रमाणे लावायची. पण चाळीची भिंत पातळ असते. “डबे वाजतत गो!” बाहेरून आवाज यायचा. मी डबे सोडले. मग कपाटाचा खण आवरायला घेतला, तो करकरला. “काय शोधतंस?” खण मिटला. शेवटी हातांना काहीच उरलं नाही. मी चटईवर बसून भिंतीकडे बघत राहिले, आणि मनात याद्या करत राहिले. त्यांचा आवाज होत नाही.

ईस्टर जवळ आला. शनिवारच्या गोलात मी आता फार बोलत नसे. “बसले, बाई,” एवढंच. बाई माझ्याकडे बघायच्या आणि पुढच्या मुलीकडे वळायच्या. त्यांच्या चेहऱ्यावरून काही कळायचं नाही.

मग एक हरताळ झाला. गिरण्या बंद, ट्राम बंद, दुकानं बंद, आमचा वर्गही बंद. चाळीतले सगळे पुरुष घरी आणि दुपारच्या उकाड्याने सगळे गॅलरीत. मला वाटलं आज तासाला सुट्टी, कारण गिरणी बंद म्हणजे भोंगाच नाही. पण उन्हाचा कवडसा कठड्याच्या कुठल्या गजावर आला की भोंगा होतो, हे काकीला ठाऊक होतं. तिने हातातली सुपारी कातरत जाहीर केलं, “बस गो. झाली वेळ.” मग पुरुषांकडे वळून म्हणाली, “आणि तुमी. खेळा काय ता, पण तोंड बंद.”

मी कडी घातली. बाहेर पत्ते चालू राहिले, पण ते मुक्याने. कुणीतरी हुकूम आपटला, लगेच “श्श्!” झालं.

“मी एक शब्द बोललो नाय,” काका कुजबुजले. “पान टाकलंय फक्त.”

“हळू टाका.”

तेवढ्यात जिन्यावर छत्रीच्या टोकाचा टकटक आवाज आला. मग ओळखीच्या आवाजात आम्हा ख्रिस्ती लोकांचा नमस्कार, “सलाम.” मोठ्या बाई. ट्राम नाही म्हणून भायखळ्याहून परळपर्यंत त्या भर उन्हात चालत आल्या होत्या. वर्ग बंद होता, तो दिवस त्यांनी घरभेटींना वापरला होता.

“कोण होवा?” काकीने विचारलं.

“इथे माझी विद्यार्थिनी राहते. मी तिची बाई.”

“मगे आता नाय भेटूची. तिचो तास चालू आसा.”

“मला माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “तो तास मीच दिलाय.”

“तुमी दिलात? मगे तुमी तर मोडूकच नको.”

आत माझं काय झालं ते विचारू नका. मी उठून उभी राहिले होते, हात कडीवर होता. दार उघडलं तर ज्या बाईंनी बसायला सांगितलं त्यांच्याच समोर मी उठले असं होणार. नाही उघडलं तर माझा निकाल ज्यांच्या हातात त्याच बाई उन्हातून येऊन परक्यांच्या गॅलरीत ताटकळणार. आणि काय काय करायचं होतं! त्यांना बसायला द्यायचं. आधी पाणी, मग चहा. साखरेचा डबा माझ्या फळीवर. बिनकानाचा कप त्यांना जाता कामा नये. छत्री घ्यायची, ती गडगडत खाली जाईल. कुणीतरी वारा घालायला हवा.

“बसा, बसा,” काकांचा आवाज आला. पत्ते गोळा झाल्याचं ऐकू आलं, पाट सरकल्याचं ऐकू आलं. छत्री कुणीतरी कठड्याला अडकवली. माठाचं झाकण वाजलं आणि भांडं भरलं. काकीच्या स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, मग तो पेटल्याचा. “साखर किती?” “बेताची.” कुणीतरी वर्तमानपत्राने वारा घालायला लागलं होतं, फडफड येत होती.

मी एकेक गोष्ट मनात मांडायची आणि बाहेर ती झालेली असायची. माझ्या पद्धतीने नाही, माझ्या क्रमाने नाही, कप तर बहुधा तो बिनकानाचाच गेला. पण झालेली. शेवटी यादीत काही राहिलंच नाही. मी कडीवरचा हात काढला आणि खाली बसले.

त्यानंतरच्या वेळाविषयी सांगण्यासारखं फारसं नाही. उकडत होतं. दाराच्या फटीतून उन्हाची पट्टी आत आली होती आणि तिच्यात काकीच्या पाठीची सावली होती. मी काही मागितलं नाही. मागायचं सुचलंही नाही. आपण कुणाच्या तरी घरी पाहुणे आलो आहोत आणि आपल्याला आता कुणी उठू देणार नाही, असं काहीसं वाटत होतं, आणि ते फार बरं वाटत होतं.

बाहेरचं बोलणं मात्र कानावर येत होतं.

“रोज बसते?” बाईंनी विचारलं.

“बसता. पयल्यान कामां करी. डबे पुशी. माका सगळा आयकू येता.”

“आणि आता?”

“आता आवाज नाय. बसता की निजता, तां तिच्या देवाक ठावूक.”

बाईंना हसू आलं असावं, कारण बशी वाजली. “तुम्ही का बसता दाराशी?”

“मगे?” काकी म्हणाली. “दिवसाढवळ्या कोण दार लावन बसला तर काळजी वाटताच. भायर बसलंय की वाटणा नाय.”

पाणी आलं. चाळभर बादल्या खणखणल्या. “तू बस, मी भरतंय,” असं काकी दाराकडे तोंड करून म्हणाली आणि पिंप भरल्यावरच तिने ठोठावलं. “झालो तास. उघड.”

मी दार उघडलं. मोठ्या बाई पाटावर बसल्या होत्या, हातात खरोखरच तो बिनकानाचा कप. भोवती गिरणीतले अर्धा डझन पुरुष उकिडवे, शाळेतल्यासारखे गप्प.

“सलाम, बाई.”

“सलाम. आज काय मागितलंस?”

“काही नाही, बाई. तुम्हाला चहा करायचा होता. तो झाला.”

“साखर फार होती,” बाई म्हणाल्या.

“बेताचीच घातलंय!” काकी उसळली.

बाईंनी कप खाली ठेवला. “मुली, ज्या बाईला दुसऱ्याच्या हातचं घेता येत नाही, ती आजाऱ्याच्या घरी जाते आणि भांडी आवरून येते. आजारी माणूस तसाच पडून राहतो. मला तुझी तीच भीती होती.” मग त्या म्हणाल्या, “ईस्टर झाल्यावर परळ-लालबागची घरं तू घे. मी मंडळीला तसं सांगते.”

काकांनी विचारलं, “म्हणजे बाई, पास?”

“पास.”

“पास झाली रे!” आणि सबंध दुपार कोंडून ठेवलेला आवाज एकदम फुटला. पत्ते हवेत गेले. कुणीतरी सवयीने “मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र” म्हणून ओरडला आणि बाकीच्यांनी त्याहून मोठ्याने “झालाच पाहिजे!” म्हणून उत्तर दिलं. माझ्या नेमणुकीशी त्याचा काही संबंध नव्हता, पण मुळीच विजोड वाटलं नाही. खालून मुलं धावत वर आली. काकी शेजारणींना सांगत सुटली, “आमी पास झालंव.” त्यात चुकीचं काही नव्हतं.

गडबड जरा ओसरल्यावर काकी पदराने तोंड पुसत बाईंसमोर बसली. “मगे आता उद्यापन कधी धरूया? सवाष्णी किती? गोडाचा काय करूचा?”

बाईंनी शांतपणे सांगितलं, “याला उद्यापन नसतं. नेमणूक झाली म्हणून तास संपत नाही. तो रोजचाच. जन्मभर.”

काकीने आधी माझ्याकडे बघितलं, मग गॅलरीत नाचणाऱ्या पुरुषांकडे.

“जन्मभर?” ती म्हणाली. “आणि ह्यांका जन्मभर गप मीच बसवूचा?”

“तेवढं तुम्हालाच जमेल,” बाई म्हणाल्या आणि छत्री घ्यायला उठल्या.